झाडात अडकलेला ड्रोन आणि सहा वाटसरू

मालाडची खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये वसलेले मढ हे मुंबई उपनगरातील एक निराळे गाव आहे. वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीने दहा-पंधरा मिनिटांत तेथे पोचता येते. नाहीतर मालाडहून मार्वे रस्त्याने वळसा घालून जावे लागते. कोळीवाडा, वाळत घातलेली मासळी, एरंगळचे जुने चर्च, पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला, माड-ताडांच्या रांगा आणि त्यांच्या आडोशाला उभे असलेले बंगले असे त्याचे रूप. या बंगल्यांत पूर्वी चित्रपटांचे चित्रीकरण होई, आजही होते. त्याच्या जोडीला आता लग्नसमारंभ आले. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे साखरपुडा, हळद किंवा लग्नाआधीच्या छायाचित्रणासाठी मढ-अक्सा परिसराची निवड करतात. आणि जेथे लग्न तेथे आता ड्रोन आलाच.

प्रसंग असा डोळ्यांसमोर आणावा. सायंकाळची वेळ आहे, समुद्राकडून वारा सुटला आहे. वधू-वर हिरवळीवर उभे आहेत आणि त्यांच्याभोवती घिरट्या घेणारा ड्रोन एकाएकी माडाच्या झावळ्यांत शिरून तेथेच अडकतो. सत्तर फूट उंचीवर एक लाल दिवा लुकलुकत राहतो. छायाचित्रकार कासावीस होतो, कारण यंत्र लाखभराचे आणि दिवसभराचे चित्रण त्याच्या पोटात. मुले दगड शोधू लागतात. कोणी बांबू आणतो, कोणी म्हणतो, "ती फांदीच छाटून टाका." मग कोणीतरी बंगल्याच्या माळ्याला हाक मारतो, "भाऊ, चढतोस का वर? पाचशे रुपये देतो."

प्रसंग छोटासा आहे. पण त्या दहा मिनिटांत यजमान जे ठरवतो, त्यावर वर चढणाऱ्या माणसाचे प्राण, झावळीखालचे घरटे आणि झाडाचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून या विषयाकडे केवळ गंमत म्हणून पाहता येत नाही.

जांभळाचे झाड

आपल्यापैकी अनेकांनी पाठशाळेत किंवा मंदिराच्या भिंतीवर सहा लेश्यांचे चित्र पाहिले असेल. भुकेलेले सहा वाटसरू रानात फळांनी लगडलेल्या झाडापाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळापासून उपटू. दुसरा म्हणतो, बुंधा तोडू. तिसरा मोठी फांदी तोडण्याचे सुचवतो, चौथा लहान डहाळी. पाचवा म्हणतो, फळेच तेवढी तोडू. सहावा म्हणतो, खाली पडलेली फळे आहेतच की, तीच वेचून खाऊ. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल या सहा लेश्या म्हणजे मनाच्या परिणामांचे सहा रंग. दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या गोम्मटसारात हा दृष्टांत आला आहे. श्वेतांबर परंपरेतही तो थोड्याफार फरकाने सांगितला जातो. तेथे पीत लेश्येला तेजोलेश्या म्हणतात.

या दृष्टांताचे मर्म असे की, सहाही जणांची भूक सारखीच आहे, हेतूही एकच आहे. फरक आहे तो तेवढ्यासाठी दुसऱ्या जिवाला किती इजा करण्याची तयारी आहे यात. झाडात अडकलेला ड्रोन हे आजचे जांभूळच होय. तो खाली आणावा असे सर्वांनाच वाटते. कसा आणावा, येथे आपला रंग दिसतो.

वर काय असते

आपल्याला खालून फक्त लाल दिवा दिसतो. पण माडा-ताडाचा शेंडा रिकामा नसतो. ताडपाकोळी हा चिमुकला पक्षी आपल्या लाळेने पिसे आणि कापूस चिकटवून पानाच्या खालच्या बाजूला घरटे करतो. त्याची अंडीही तेथेच चिकटवलेली असतात. पान जोराने हलले वा तुटले, तर सारा संसार खाली येतो. पावसाळ्यात ताडाच्या पानांना सुगरणीचे खोपे लोंबतात. पावसाच्या तोंडावर कावळ्यांची वीण सुरू असते, तर घारी हिवाळ्यापासूनच उंच झाडांवर काटक्या रचू लागतात. म्हणजे लग्नसराईचा काळ हा पक्ष्यांच्याही संसाराचा काळ असतो.

झाड स्वतःही जीव आहे. वनस्पतीकायिक जीवाची विराधना टाळावी हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. माडाच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. आंबा किंवा वड यांची फांदी तोडली तर दुसरी फुटते. माडाला वाढीचा कोंब एकच असतो, तोही अगदी शेंड्यात. तो दुखावला की उभे झाड मरते. "वरचा भाग तेवढा छाटा" असे म्हणणारा यजमान नकळत दुसऱ्या वाटसरूच्या शेजारी जाऊन उभा राहतो.

घाबरलेले पक्षी काय करतात याचे एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बोल्सा चिका नावाचे किनारी अभयारण्य आहे. तेथे ड्रोन उडवण्यास मनाई असतानाही मे २०२१मध्ये एक ड्रोन सुरय कुळातील समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या जागेत कोसळला. तो शिकारी पक्षी समजून हजारो पक्षी उडून गेले ते परतलेच नाहीत. वाळूवर सुमारे दीड ते दोन हजार अंडी तशीच राहिली. ड्रोनने एकाही अंड्याला स्पर्श करण्याची गरज पडली नाही. भय पुरेसे ठरले.

आपल्याकडे हीच वेदना संक्रांतीला मांज्याच्या रूपाने येते. पतंग उडवणाऱ्याच्या मनात पक्ष्याला मारण्याचा विचार नसतो, तरी झाडात अडकून राहिलेला दोरा पुढे कित्येक दिवस पंख कापत राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्ये नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली. जखमी पक्ष्यांसाठी धावणाऱ्या स्वयंसेवकांत आपल्या समाजातील तरुण मोठ्या संख्येने असतात. जो समाज संक्रांतीला पक्षी वाचवण्यासाठी झाडाखाली उभा राहतो, त्याने लग्नात त्याच झाडावर दगड मारू नयेत, एवढीच अपेक्षा.

कृत, कारित, अनुमोदित

आता त्या माळ्याकडे वळू. "पाचशे रुपये देतो" हे वाक्य उच्चारताना आपण काय करतो? स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि करणाऱ्याला संमती देणे, या तिन्ही वाटांनी कर्माचा बंध होतो असे आपले शास्त्र सांगते. अंधारात, दोरीशिवाय, निसरड्या बुंध्यावर गरजेपोटी चढणारा माणूस खाली पडला, तर "त्याने स्वतःच होकार दिला होता" हे उत्तर कोणत्याही वहीत जमेला धरता येणार नाही. माडावर चढणे हे कसब आहे. ज्याचा तो रोजचा व्यवसाय आहे, त्यानेच ते दिवसाउजेडी, कमरेच्या दोरासह आणि योग्य मोबदल्यात करावे. पाहुण्यांपैकी एखाद्या उत्साही तरुणाने, वाढप्याने किंवा चालकाने ते करू नये.

आपण व्यापारी माणसे आहोत. कोणते येणे वसूल करायचे आणि कोणते बुडीत खाती टाकायचे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पाच हजारांच्या वसुलीसाठी पन्नास हजारांचा दावा लावणाऱ्याला बाजारात कोणी शहाणे म्हणत नाही. मग लाखाच्या यंत्रासाठी एका कुटुंबाचा कर्ता पुरुष पणाला लावणे हा कोणता हिशेब?

उतरवावा कसा

मुनींच्या पाच समितींमध्ये आदाननिक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना जीवांना बाधा होऊ नये अशी सावधगिरी. श्रावकांमध्ये यालाच जयणा म्हणण्याचा प्रघात आहे. ड्रोन उतरवतानाही हीच दृष्टी उपयोगी पडते.

सर्वांत आधी रिमोटवरून पंखे बंद करावेत. पाती फिरत राहिली तर यंत्र आणखी खोल अडकते, पाने कापली जातात आणि जवळ बसलेला पक्षी जखमी होतो. ड्रोन पानांत दिसेनासा झाला असेल, तर शेवटचे ठिकाण रिमोटला जोडलेल्या पडद्यावर नोंदलेले असते. अनेक यंत्रांत आवाज करून जागा दाखवण्याचीही सोय असते. मग झाडाखालची गर्दी, विशेषतः मुले, दूर न्यावीत. दगड, चपला, काठ्या मुळीच फेकू नयेत.

त्यानंतर दुर्बिणीने किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्याने जवळपास घरटे आहे का ते नीट पाहावे. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत आकांत करीत असतील, तर तेच उत्तर समजावे आणि तेथून दूर व्हावे. सायंकाळ झाली असेल तर काम सकाळवर टाकावे. ती वेळ पाखरांच्या परतण्याची असते आणि माणसालाही नीट दिसत नाही. झाडाजवळून विजेची तार जात असेल, तर काठी, शिडी, ओला बांबू काहीही वर नेऊ नये. वीज कंपनीला कळवावे.

घरटे नसेल आणि उंची बेताची असेल, तर जमिनीवर उभे राहून लांब काठीने ड्रोन हळूच सैल करावा. खाली चार जणांनी जाड चादर ताणून धरावी. उंची अधिक असेल तर झाडांची निगा राखणारे जाणकार एक युक्ती वापरतात. बारीक दोरीच्या टोकाला वाळूची छोटी पिशवी बांधून ती फांदीवरून टाकतात, तिच्या आधारे जाड दोर ओढून घेतात आणि फांदी हलक्या हाताने हलवतात. काम झाल्यावर दोरीचा एकही तुकडा वर राहू देऊ नये. राहिलेली दोरी म्हणजे दुसरा मांजाच.

ड्रोन हाती आला की बॅटरी काढून घ्यावी. लिथियमची बॅटरी फुगली, चेपली किंवा तिला भोक पडले तर ती पेट घेऊ शकते. अशी बॅटरी घरात वा गाडीत न ठेवता, पुन्हा भारित न करता, इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी. याच कारणाने ड्रोन झाडातच कायमचा विसरून जाणेही योग्य नव्हे. विणीचा काळ संपेपर्यंत थांबणे निराळे आणि टाकून देणे निराळे.

कायद्याची बाजू

आपल्या आवारातील झाड असले, तरी ते हवे तसे तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडून परवानगी घ्यावी लागते आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही 'झाड तोडणे' या व्याख्येत येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या संज्ञेत पक्ष्यांची अंडी व घरटी यांना नुकसान पोचवणेही धरले आहे.

ड्रोन उडवण्यासाठी २०२१चे ड्रोन नियम आहेत. हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. मढच्या शेजारी मार्वे येथे नौदलाचा आयएनएस हमला हा तळ आहे. जुहू व मुंबई हे दोन्ही विमानतळही फार दूर नाहीत. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. म्हणून छायाचित्रकाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच नोंदणी, परवानगी आणि विमा यांची कागदपत्रे पाहावीत. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनसाठी तृतीय पक्ष विमा आवश्यक असतो. दुकानासाठी माल घेताना आपण बिल पाहतो, तसेच हे.

आणि ड्रोन अडकूच नये यासाठी काळजी साधीच आहे. यंत्राचे अडथळा ओळखणारे डोळे बारीक डहाळ्या आणि झावळ्यांची टोके नेहमी टिपू शकत नाहीत, संधिप्रकाशात तर त्यांची दृष्टी आणखी मंदावते. संपर्क तुटल्यावर यंत्र आपोआप परत येते, पण ठरवलेल्या उंचीवरून. ती उंची आवारातील सर्वांत उंच माडापेक्षा अधिक ठेवायला सांगावी. दुपारनंतर समुद्राचा वारा वाढतो, म्हणून चित्रण सकाळी उरकावे. याहून सोपा मार्ग म्हणजे ड्रोनविना लग्न करणे. आपल्या आजी-आजोबांच्या लग्नाचे आकाशातून घेतलेले एकही चित्र नाही, तरी त्यांचे संसार उत्तम झाले.

सहावा वाटसरू

विवाहाचा थाट आणि मुक्या जिवांचा आक्रोश ही जोडी आपल्या परंपरेला अपरिचित नाही. नेमिनाथांची वरात राजुलच्या दाराशी येत असताना वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आवाज त्यांच्या कानी पडला आणि रथ गिरनारकडे वळला. तेवढे वैराग्य आपल्याला झेपणारे नाही. पण मांडवात उभे असताना वरच्या झावळीतून येणारा आवाज ऐकण्याइतके थांबणे आपल्यालाही जमेल.

सहाव्या वाटसरूने भूक मारली नाही, फळही सोडले नाही. तो फक्त खाली वाकला. आपणही कधी एक रात्र थांबावे. वारा झावळ्या हलवत राहतो, आणि कधी कधी सकाळी ते यंत्र आपणहून हिरवळीवर येऊन पडलेले असते. तसे झाले नाही, तर जाणत्याला बोलवावे. आणि घरटे दिसलेच, तर पिल्ले उडून जाईपर्यंत ती रक्कम खतावणीत येणे म्हणून राहू द्यावी. अशा उशिराने आलेल्या वसुलीवर कोणताही जैन व्यापारी व्याज मागणार नाही.