कर्जाच्या कागदावरचे चार शब्द

इंग्रजी शिकायचं म्हणजे पोरांसारखं ए, बी, सी, डीपासूनच सुरुवात करायला हवी असं नाही. आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येतात. दुसऱ्या भाषेतला शब्द उचलायची सवय आपल्याला आहेच. आज आपण सही करतो त्या कागदावरचे शब्द घेऊ.

पहिला गॅरंटर, म्हणजे जामीनदार. "नुसती सही करा, तुम्हाला काही लागणार नाही," असं सांगणारे भेटतात. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकलं तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. कागदावर को-बॉरोअर लिहिलं असेल तर तुम्ही सहकर्जदार, म्हणजे कर्ज तुमचंही. पैसे दिराने नेले की भावाने, हे बँक बघत नाही.

दुसरा मोरॅटोरियम. ऐकायला एखाद्या रोगाचं नाव वाटतं! कोरोनाच्या काळात, २७ मार्च २०२० रोजी, रिझर्व्ह बँकेने तीन महिने हप्ते थांबवायची मुभा दिली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. ही माफी नव्हती. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. समजा, ५०,००० रुपये बाकी आहेत आणि दर वर्षाला २४ टक्के. महिन्याला १,००० रुपये व्याज झालं. सहा महिने काहीच भरलं नाही, तर निदान ६,००० रुपये अंगावर चढले. म्हणून कुणी हा शब्द उच्चारला की लगेच विचारायचं, "मग शेवटी एकूण किती भरावं लागेल?"

हायपोथिकेशन म्हणजे वस्तू आपल्या ताब्यात, पण तिच्यावर कर्ज देणाऱ्याचा बोजा. कर्जाने घेतलेल्या रिक्षाच्या आरसीवर ही नोंद असते. कर्ज फिटलं तरी ती आपोआप गेली असं धरून चालू नका. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्या, आरटीओतून नोंद काढून घ्या; नाहीतर गाडी विकताना अडतं.

आता सगळ्यात कामाचा शब्द: की फॅक्ट्स स्टेटमेंट. कर्जाची मुख्य माहिती असलेला हा कागद १ ऑक्टोबर २०२४ पासून घरगुती आणि छोट्या उद्योगाच्या नव्या कर्जांसाठी द्यावाच लागतो. तोही कर्जदाराला कळेल त्या भाषेत, समजावून सांगून. सहीच्या आधी तो नाव घेऊन मागा, मराठीत मागा. त्यात एपीआर असं लिहिलेली ओळ बोटाने शोधा. व्याजासोबत फी, विमा असा खर्च धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात, ते तिथे असतं. तोंडी १८ सांगितले आणि तिथे २३ दिसले, तर फरक कशाचा ते आधी विचारा. पेन नंतर उघडा.

पुढच्या वेळी विम्याचे शब्द घेऊ: नॉमिनी आणि लॅप्स. घरातली पॉलिसी शोधून ठेवा.