भोकरदनची मूर्ती, अजिंठ्याचा मुकुट

ग्रीक राजांचे ‘डायाडेम’ म्हणजे मस्तकाला बांधलेली साधी कापडी पट्टी. युरोपी राण्यांच्या टियाराचे मूळ तिच्यात आहे. आपल्याकडचा शिरोभूषणांचा थाट शोधायचा तर जालना जिल्ह्यातले भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, गाठावे. इथल्या उत्खननात सातवाहनकाळातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली होती. पॉम्पेईच्या मूर्तीच्या केसांत, भाळावर दागिन्यांची नुसती दाटी! पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेले, म्हणजे ही कला त्याआधीच रोमनांच्या घरात पोचली होती. शेजारच्या अजिंठ्यात, लेणे क्रमांक १ मध्ये, पद्मपाणीचा उंच रत्नजडित मुकुट आजही दिसतो. पुढे मराठेशाहीत मान मिळाला शिरपेच-तुऱ्याला. अजिंठ्याला निघालात, तर वाट वाकडी करून भोकरदनलाही जरूर थांबा.