दारावरची पाटी

२०२५च्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरातला संगणक म्हातारा ठरला. तसा तो ठणठणीत होता. पण १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११च्या अटींत तो बसेना. मोडीत काढायला मन धजेना, कारण त्यात आईचा आवाज होता. शेवटच्या वर्षी गोधडी शिवता शिवता तिने सांगितलेल्या गोष्टी मी त्यात साठवल्या होत्या. दुसरी प्रत? 'करू सावकाश' म्हणता म्हणता राहून गेलेली!

लेक म्हणाली, "बाबा, विंडोज राहू दे. शेजारी लिनक्स बसवते. सुरू करताना हवं ते निवडा."

एका घरात दोन कारभारी नांदणार कसे? तिने समजावले. संगणक सुरू झाला, की 'बूट लोडर' नावाचा छोटा प्रोग्राम कोणत्या कारभाऱ्याला उठवायचे ते पाहतो. जुन्या यंत्रांत त्याची सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत कोंबलेली असे; नवा आला, की जुन्याला हुसकावून लावी. आजच्या 'यूईएफआय' पद्धतीत त्यासाठी डिस्कवर वेगळा कप्पा असतो. तिथे प्रत्येक जण आपापल्या फोल्डरमध्ये गुण्यागोविंदाने राहतो.

रविवारी दुपारी काम फत्ते झाले. संगणक पुन्हा सुरू केला, तर यादीत एकटे लिनक्स! विंडोजचे नावच नाही. माझ्या पोटात गोळा आला. आई दुसऱ्यांदा गेली, असे वाटले.

लेक शांत. "बाबा, घर जागेवर आहे. दारावर पाटी तेवढी नाही."

लिनक्सचा 'ग्रब' हा बूट लोडर २०२१च्या २.०६ आवृत्तीपासून, सुरक्षिततेसाठी, शेजारी कोण राहते ते आपणहून शोधत नाही. तसे त्याला सांगावे लागते. ते सांगायचे आमच्याकडून राहिले होते. तिने एका फाईलमधली एक ओळ बदलली, यादी नव्याने बनवली, आणि दोन्ही नावे एकाखाली एक उभी राहिली.

विंडोज निवडून मी आधी सगळ्या गोष्टी पेनड्राइव्हवर उतरवल्या, मगच ऐकल्या. आता त्या बाजूला इंटरनेटबंदी आहे; बाकी संसार लिनक्स सांभाळते.

वाचकहो, असा बेत असेल तर आधी प्रत काढा. डिस्कला 'बिटलॉकर'चे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्लीही कागदावर लिहून ठेवा. पाटी पुन्हा लावता येते. आईचा आवाज पुन्हा मिळत नाही.