पिस्तुलाचा सराव

नाशिक आणि पिस्तूल हे दोन शब्द एकत्र आले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें २१ डिसेंबर १९०९ ची रात्र उभी राहते. विजयानंद नाट्यगृहांत 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनीं गोळ्या झाडल्या, ती ही रात्र. तो इतिहास सर्वश्रुत आहे व त्याची चर्चा येथें कर्तव्य नाहीं. आजच्या नाशकांत पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर आढळतें तें निराळ्या ठिकाणीं : द्राक्षांच्या वा कांद्याच्या व्यापाऱ्याच्या कपाटांत, ठेकेदाराच्या खणांत, सैन्यांतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या घरीं. रोकड घेऊन अपरात्रीं प्रवास करावा लागतो, मळ्यांतील घर वस्तीपासून दूर आहे, अशीं कारणें दाखवून परवाना मिळविलेला असतो. कागदपत्रांची चिंता पुष्कळ वाहिली जाते; हत्यार हाताळावयाचें कसें, याची चिंता क्वचितच.

अशा हत्यारांतून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडण्याचा प्रसंग बहुतेकांवर जन्मांत येत नाहीं, आणि न येवो. परंतु तें भरण्याचा व रिकामें करण्याचा प्रसंग वारंवार येतो. निवडणुका जाहीर झाल्या कीं अनेक परवानेधारकांना आपलें हत्यार पोलीस ठाण्यांत जमा करावें लागतें. नंतर तें परत आणावयाचें. शिवाय साफसफाई आहे, प्रवास आहे, आणि 'जरा पाहूं द्या' म्हणणारा पाहुणा तर आहेच. वीस वर्षांत ज्या रिव्हॉल्वरांतून एकहि गोळी सुटलेली नाहीं, तें कितीदां हातांत घेतलें गेलें याची मोजदाद नसते. अपघात घडतात ते याच फावल्या क्षणीं. १ ऑक्टोबर २०२४ रोजीं पहाटे मुंबईंत अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरांतून सुटलेली गोळी त्यांच्याच पायांत शिरली. हत्यार ठेवतांना हातून निसटलें, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. समोर चोर नव्हता, झटापट नव्हती, कोणावर नेम धरलेला नव्हता.

म्हणून सराव म्हणजे केवळ नेम साधणें, ही समजूत प्रथम सोडावयास हवी. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळांत हात काय करतो, हा सरावाचा खरा विषय आहे.

पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यांतील भेद येथें महत्त्वाचा ठरतो. रिव्हॉल्वरचें फिरतें चक्र बाहेर काढलें कीं आंतील काडतुसें डोळ्यांना दिसतात. पिस्तुलाचें तसें नसतें. त्याचीं काडतुसें मुठींतील मॅगझीनमध्यें असतात, आणि मॅगझीन काढून घेतलें तरी नळीच्या मागील चेंबरमध्यें एक काडतूस तसेंच राहूं शकतें. मॅगझीन हातांत आलें म्हणजे पिस्तूल रिकामें झालें, या भ्रमानें जगभर किती घरें शोकांत बुडालीं असतील! आणखी एक खुबी अशी कीं, क्रम चुकला तर सावध माणूसहि फसतो. वरची स्लाईड आधीं मागें ओढली तर चेंबरमधील काडतूस बाहेर पडतें खरें. पण स्लाईड पुढें जातांना मॅगझीनमधील नवें काडतूस आंत ढकलून जाते. मग मॅगझीन काढलें तरी काय उपयोग? आधीं मॅगझीन, मग स्लाईड, मग चेंबरमध्यें डोळ्यांनीं पाहणें आणि करंगळीनें चाचपणें : हा क्रम रेंजवर इतक्या वेळां गिरवावा कीं घाईंतहि हाताला दुसरा क्रम सुचूं नये. जुन्या बनावटीच्या कित्येक रिव्हॉल्वरांत घोडा काडतुसाच्या बुडाशीं टेकून असतो व हत्यार घोड्यावर पडल्यास धक्क्यानेंच बार उडतो. अशा रिव्हॉल्वरांत घोड्याखालचें घर रिकामें ठेवण्याची रीत आहे.

अमेरिकेंतील कर्नल जेफ कूपर यांनीं या शास्त्राचे चार नियम रूढ केले. प्रत्येक हत्यार भरलेलेंच आहे असें समजावें. ज्याचा नाश व्हावयास नको त्याच्याकडे नळी वळवूं नये. नेम धरीपर्यंत बोट चापावर नेऊं नये. आणि लक्ष्य कोणतें व त्याच्या मागें काय आहे हें ओळखल्याखेरीज गोळी झाडूं नये. यांतला तिसरा नियम सोपा वाटतो आणि सर्वांत अधिक मोडला जातो. रिकामें बोट आपोआप चापाकडे जातें. मूठ बनविलेलीच तशी असते. तेथें बोट असतां माणूस दचकला, त्याचा तोल गेला, किंवा दुसऱ्या हातानें त्यानें एखादी वस्तु घट्ट धरली, तर चापावरील बोटहि नकळत आवळतें, असें शरीरशास्त्रज्ञांचें निरीक्षण आहे. अंधारांत एका हातानें दार ओढणाऱ्या गृहस्थाच्या दुसऱ्या हातांत पिस्तूल असेल, तर हें निरीक्षण त्यानें विसरूं नये. बोट चापाबाहेर, चौकटीवर सरळ ठेवावयाचें. ही संवय घरीं सांगून लागत नाहीं. ती रेंजवर, मागें उभ्या असलेल्या शिक्षकाच्या बोलण्यानेंच लागते.

नाशिकला अशा शिस्तीची ओळख नाहीं असें नव्हे. डॉ. बा. शि. मुंजे यांनीं १९३७ सालीं येथें भोसला मिलिटरी स्कूल स्थापन केलें, आणि राज्यांतील फौजदार घडविणारी पोलीस अकादमीहि याच गांवीं आहे. रेंजवर हत्यार पेटींतून काढावयाचें तें गोळीबाराच्या रेषेवरच, आणि नळीचें तोंड लक्ष्याकडे ठेवून. 'थांबा' असा शब्द कोणीहि उच्चारला तरी सर्वांनीं थांबावयाचें. कोणी लक्ष्याचा कागद बदलावयास पुढें गेला असतां मागें राहिलेल्यांनीं हत्यारास हात लावावयाचा नाहीं, पुसण्याच्या निमित्तानेंहि नाहीं. डोळ्यांस चष्मा व कानांस आच्छादन हवेंच. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलांच्या वर जातो, आणि आंतील कानांतील नाजूक पेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. 

पिस्तुलांतून उडणारें रिकामें काडतूस चांगलेंच तापलेलें असतें. तें कधीं सदऱ्याच्या गळ्यांतून आंत पडतें. नवशिका दचकून वळतो, आणि त्याच्याबरोबर भरलेलें पिस्तूल शेजाऱ्याकडे वळतें. म्हणून बंद गळ्याचा सदरा घालावा, आणि भाजलें तरी नळी हलूं देऊं नये. फोड चार-आठ दिवसांत बरा होतो. चाप दाबूनहि बार झाला नाहीं, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावें. उशिरा पेटणारें काडतूस असूं शकतें. आवाज झाला पण फुसका झाला, तर अधिकच जपावें. गोळी नळींतच अडकली असण्याचा संभव असतो, व वरून दुसरी झाडली तर नळी फुटते.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालीं जकार्ता-पालेंबांग येथील आशियाई स्पर्धेंत २५ मीटर पिस्तूल प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. त्यांचा खेळ आणि गृहस्थाचा सराव एक नव्हे. स्पर्धेच्या त्या पिस्तुलाचा चाप किमान एक किलोच्या दाबाचा असतो. संरक्षणाच्या रिव्हॉल्वरचा, घोडा आधीं न चढवितां ओढल्यास, चार-पांच किलोंचाहि असतो. स्पर्धक एका हातानें नेम धरतो. गृहस्थानें दोन्ही हातांनीं, पांच-सात मीटरांवर सराव करावा. पन्नास गोळ्या धडाधड उडविण्यापेक्षां दहा गोळ्या, प्रत्येक वेळीं भरून, झाडून, रिकामें करून झाडणें अधिक गुणाचें. काडतुसांची संख्या परवान्यानें मर्यादितच असते. ज्यास प्रथमच शिकावयाचें आहे त्यानें दहा मीटरच्या हवेच्या पिस्तुलापासून आरंभ करावा. खर्च थोडा आणि चुका लगेच दिसतात.

२०१६ च्या शस्त्र नियमांनीं परवान्याच्या अर्जदारास सुरक्षिततेच्या शिक्षणाचें प्रमाणपत्र जोडण्याची अट घातली, हें योग्यच झालें. जुन्या परवानेधारकांनीं मात्र तें शिक्षण आपण होऊन घ्यावयास हवें. लग्नाच्या वरातींत हवेंत बार काढणाऱ्यांस २०१९ च्या दुरुस्तीनें तुरुंगवासाची तरतूद केली आहे. वर गेलेली गोळी खालीं येतेच. भारतीय न्याय संहितेनें स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण तो संरक्षणास आवश्यक तेवढ्याच इजेपुरता.

सराव आटोपल्यावर हात साबणानें धुवावे, व ते धुण्यापूर्वीं कांहीं खाऊं नये, कारण गोळ्यांतील शिशाची धूळ बोटांस लागलेली असते. घरीं नळी साफ करावयाची असेल तेव्हां काडतुसांची पेटी दुसऱ्या खोलींत ठेवावी, हत्यार पुन्हां एकदां उघडून पाहावें, आणि काम झाल्यावर दोन्ही वस्तु निरनिराळ्या कुलुपांत ठेवून किल्ल्या मुलांच्या नजरेआड कराव्या.