घोरणे आणि बाकीची दुखणी

महाबळेश्वर परिसरातल्या आदिवासी वस्त्यांवर आमचा फिरता दवाखाना जातो. तिथे मोठ्याने घोरणाऱ्याला ‘गाढ झोप लागते’ असे म्हणतात. पुष्कळदा त्यात काळजीचे काही नसतेही. पण घोरता घोरता श्वास थांबत असेल आणि माणूस गुदमरल्यासारखा दचकत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. सकाळी त्याला काही आठवत नाही. म्हणून शेजारी झोपणाऱ्यालाच विचारावे लागते.

तापोळ्याकडचे एक जीपचालक दादा आमच्याकडे येतात. वजन जास्त, मधुमेह, आणि रक्तदाबाच्या तीन गोळ्या घेऊनही दाब उतरेना. वहिनींना विचारले तेव्हा श्वास थांबण्याची गोष्ट कळली. दर वेळी प्राणवायू उतरला की शरीर रक्तदाब चढवते, मग नुसत्या गोळ्या वाढवून भागत नाही. साखरही आवरत नाही. थायरॉईड मंदावल्यानेही हा त्रास होऊ शकतो, तेव्हा ती तपासणी करून घ्यावी. सिकलसेलच्या रुग्णांना तर रात्री प्राणवायू उतरणे फारच महागात पडते.

झोपेची तपासणी झाल्यावर एका देणगीदारांच्या मदतीने दादांना सीपॅप मशीन मिळाले. मास्कमधून येणारा हवेचा दाब घसा उघडा ठेवतो. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. पण पावसाळ्यात इथे वीज जाते. मशीनला चालणारी बॅटरी ठेवावी. पाणी तापवणारा भाग बंद केला की ती जास्त वेळ पुरते. बॅटरीही संपली तर कुशीवर, डोके उंच ठेवून झोपावे.

दारू आणि झोपेच्या गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो. एका डॉक्टरांनी मशीन दिलेले असते, दुसरे नकळत झोपेची गोळी लिहून देतात. म्हणून सगळ्या आजारांची एकच वही ठेवून ती प्रत्येकाला दाखवावी, विशेषतः ऑपरेशनची भूल घेण्यापूर्वी. मशीन लागू पडले म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या मनाने सोडू नयेत.

दिवसा पेंग येते तोवर घाटात गाडी चालवू नये, हे सांगणे सर्वांत जड गेले, कारण घर त्या जीपवरच चालते. दोन महिने धाकट्या भावाने जीप चालवली.