जुना अ‍ॅम्प दुरुस्तीला आला तर काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुरुस्तीच्या कामाचा दर कसा ठरवायचा ते पाहिलं. आज त्याच विषयाचं एक उदाहरण सविस्तर घेऊ. तुमचं काम शिलाई मशीनचं असो, मोटार रिवाइंडिंगचं असो की घड्याळांचं, हे उदाहरण तुम्हाला लागू पडेल.

उदाहरण आहे गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचं. आजोबांच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह पेटलेले पाहिले असतील ना, तेच तंत्र. लिओ फेंडर यांनी 1938 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणारा माल उघडून बघता बघता कुठला भाग आधी जातो हे त्यांना कळलं, आणि पुढे स्वतःचे अ‍ॅम्प बनवताना त्यांनी ते उघडायला आणि दुरुस्त करायला सोपे ठेवले. 1952 मध्ये त्यांचा ‘बासमन’ आला. तो बनवला होता बास गिटारसाठी, पण साधे गिटारवालेच त्याच्या प्रेमात पडले. लंडनमध्ये ड्रम शिकवणारे आणि वाद्यांचं दुकान चालवणारे जिम मार्शल यांनी 1962 मध्ये आपला पहिला अ‍ॅम्प काढला, तोही याच बासमनच्या सर्किटवरून.

आता समजा, 1959 चा असा एक बासमन तुमच्या टेबलावर आलाय. गिऱ्हाईक म्हणतं, “एकदा लावून बघा ना, चालतोय का.”

इथेच थांबा. लावायचा नाही.

पहिलं कारण, अमेरिकेतलं हे यंत्र 110-120 व्होल्टचं आहे आणि आपल्या भिंतीत 230 आहेत. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर मध्ये नसेल तर एका क्षणात जळेल. दुसरं, आतले फिल्टर कपॅसिटर साठ वर्षांत सुकलेले असतात. एखादा शॉर्ट असला तर तो सोबत पॉवर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. दोनशे रुपयांच्या भागापायी मूळचा ट्रान्सफॉर्मर गेला, तर तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगणार?

तिसरं कारण जिवाचं आहे. आत चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. रेझिस्टर जोडलेल्या वायरने चार्ज उतरवा, मग मीटरने शून्य बघा आणि मगच हात घाला. हे काम कधी केलं नसेल तर जाणत्या माणसाशेजारी बसून शिका.

आता कामाचे तीन भाग करा.

एक, बदलायचंच. सुकलेले फिल्टर कपॅसिटर आणि दोन पिनांची जुनी वायर. त्या काळात मेन्सच्या तारेपासून चासीपर्यंत एक कपॅसिटर असायचा. तो शॉर्ट झाला की चासी जिवंत होते, तिथून करंट गिटारच्या तारांत येतो, आणि वाजवणाऱ्याचे ओठ माइकला लागले की झटका. कारागीर त्याला ‘मारेकरी कपॅसिटर’ म्हणतात ते उगाच नाही. तो काढा, तीन पिनांची वायर टाका, अर्थिंग चासीला पक्कं करा. “सगळं ओरिजिनल ठेवा” असं गिऱ्हाईक म्हणालं तरी इथे तडजोड नाही. ऐकत नसेल तर काम परत करा.

दोन, मोजून ठरवायचं. व्हॉल्व्ह, रेझिस्टर, कपलिंग कपॅसिटर. रेझिस्टरची किंमत सरकली असेल, कपॅसिटर डीसी गळू देत असेल, तेवढेच बदला. चांगला जुना व्हॉल्व्ह उगाच काढू नका.

तीन, हात लावायचा नाही. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, वरचं कापड, पेटी. यातलं काही खरोखर मेलेलं असेल तरच विषय. डाग पुसून नवं कापड चढवलंत तर अ‍ॅम्प चकचकीत दिसेल, पण किंमत उतरेल.

चालू करताना सिरीज बल्ब लावा, आपला इलेक्ट्रिशियन लावतो तसाच. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. मग व्होल्टेज मोजा, बायस तपासा, आणि निदान तासभर वाजवून बघा.

आता हिशेब. समजा सुटे भाग 6,000 रुपयांचे, सोल्डरिंगचं काम 6 तास, तुमचा दर तासाला 500. बहुतेक जण 9,000 सांगून मोकळे होतात. पण आधीची तपासणी 3 तास आणि नंतर वाजवून बघणं 2 तास, हे कोण धरणार? खरा आकडा 11,500 आहे. 2,500 रुपये तुम्ही खिशातून घातले, आणि वर “काम परवडत नाही” म्हणून कुरकुरता.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. तपासणीची फी वेगळी आणि आधी घ्या. वरचे तीन भाग कागदावर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून, नाव लिहून, अ‍ॅम्पसोबत परत द्या. त्या पिशवीमुळे गिऱ्हाइकाला दिसतं की तुम्ही काय बदललंत आणि काय नाही. अशी खात्री पटलेलं गिऱ्हाईक दर कमी करा म्हणत नाही.

जाता जाता एक गोष्ट. त्या काळातल्या काही फेंडर अ‍ॅम्पच्या आत टेपचा छोटा तुकडा सापडतो. त्यावर ते सर्किट जोडणाऱ्या बाईचं नाव हाताने लिहिलेलं असतं. कारखान्यातल्या कामगाराचं नाव, साठ-पासष्ट वर्षांनंतरही जागेवर. तुम्ही केलेल्या कामाच्या आत तुमचं नाव आणि तारीख लिहिता का? आजपासून लिहा. नाव लिहायचं म्हटलं की हात आपोआप नीट चालतो.

तुमच्या धंद्यात ‘हात लावायचा नाही’ या यादीत काय येतं, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत.