मुलांचें मुष्टियुद्ध आणि आईबापांची हौस

कांहीं महिन्यांपूर्वीं लहान मुलांच्या मुष्टियुद्धाचे सामने पाहण्याचा योग आला. दोरांनीं वेढलेल्या चौकांत ११ वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याचें शिरस्त्राण इतकें सैल कीं, ठोसा बसला म्हणजे तें डोळ्यांवर उतरे. दुसऱ्या फेरींत एक ठोसा नाकावर बसला. मुलगा दोन पावलें मागें सरला आणि पंचाकडे पाहूं लागला. इतक्यांत बाहेरून वडिलांचा आवाज आला, “मागें काय सरतोस? मार त्याला! पहाटे पांचाला उठवतों तें काय याचसाठीं?” मुलगा पुन्हां पुढें झाला आणि अखेर जिंकलाही. पदक गळ्यांत पडत असतां मात्र त्याचें लक्ष पदकाकडे नव्हतें; त्याची नजर गर्दींत वडिलांचा चेहरा शोधीत होती. गृहस्थ सुशिक्षित दिसले. मुलावर त्यांचें प्रेम नसेल असें कोण म्हणेल? म्हणूनच तो प्रसंग मनांतून जाईना.

मुलांनीं शरीर कमवावें, याविषयीं दुमत नाहीं. तालीम, मल्लखांब व सूर्यनमस्कार यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुष्टियुद्धानेंही अंगांत चपळाई, दम आणि शिस्त येते. परंतु इतर बहुतेक खेळांत डोक्याला मार लागला तर तो अपघात समजला जातो. मुष्टियुद्धांत मात्र प्रतिपक्षाच्या डोक्यावर ठोसा बसला म्हणजे गुण मिळतो. हा भेद पालकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. मेंदू हा कवटींत घट्ट बसविलेला नसतो. ठोशानें डोकें झटक्यासरशीं फिरलें कीं तो आंत हिंदकळतो व त्याचे सूक्ष्म तंतू ताणले जातात. लहान मुलाचें डोकें शरीराच्या मानानें जड आणि मान दुबळी. म्हणून त्याला हा झटका अधिक बाधतो. शिरस्त्राणानें कातडी फाटणें पुष्कळसें टळतें, पण मेंदूचें हिंदकळणें टळत नाहीं. धंदेवाईक मुष्टियोद्ध्यांची अडखळती चाल व मंदावलेली बुद्धि यांचें मूळ मेंदूवरील वारंवारच्या आघातांत आहे, असें अमेरिकेंतील डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनीं १९२८ सालींच प्रतिपादिलें होतें. पुढें २०११ मध्यें अमेरिका व कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं संयुक्त निवेदन काढून मुलांच्या व कुमारांच्या मुष्टियुद्धास स्पष्ट विरोध दर्शविला.

वडील माणसांची हौस आणि गरज एकत्र आल्या म्हणजे काय होतें, हें थायलंडांत दिसलें. तेथील मुष्टियुद्धांत मुठींबरोबर कोपर, गुडघे व लाथाही चालतात; आणि खेडोपाडीं सात-आठ वर्षांचीं मुलेंही जत्रेंतील सामन्यांत उतरलेलीं आहेत. प्रेक्षक पैजा लावतात आणि बक्षिसाच्या रकमेचा घराला आधार होतो. १९९९ च्या तेथील कायद्यानें १५ वर्षांखालील मुलांस पालकांच्या संमतीनें खेळण्याची मोकळीक ठेविली. नोव्हेंबर २०१८ मध्यें बँकॉकजवळ १३ वर्षांचा एक मुलगा डोक्यावर ठोसे बसून कोसळला आणि मेंदूंतील रक्तस्रावानें दोन दिवसांत दगावला. वयाच्या आठव्या वर्षापासून तो सुमारें १७० सामने खेळला होता, आणि त्या दिवशीं त्याच्या डोक्यावर शिरस्त्राणही नव्हतें. सामन्यापासून ज्या घराला लाभ, त्याच घराची संमति मागून मुलाचें रक्षण कसें व्हावें?

आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत बक्षिसाच्या पैशाची ओढ नसेल; ओढ असते ती निराळी. परीक्षेंतील खेळाचे वाढीव गुण, पुढें नोकरींतील राखीव जागा, आपलें मूल चारचौघांच्या मुलांत उठून दिसावें ही आकांक्षा, आणि पुष्कळदां वडिलांची स्वतःची तरुणपणीं राहून गेलेली हौस! त्यांत ‘लवकर आरंभ केला नाहीं तर मूल मागें पडेल’ ही भीति. ती कितपत खरी आहे? मणिपूरच्या मेरी कोम या शाळेंत असतांना धावणें व भालाफेक यांत रमल्या होत्या. मुष्टियुद्धाकडे त्या वळल्या सतराव्या-अठराव्या वर्षीं, आणि तेंही वडिलांना न सांगतां. वडिलांना ही गोष्ट कळली ती २००० सालीं वर्तमानपत्रांत मुलीचें छायाचित्र छापून आलें तेव्हां! पुढें त्या सहा वेळां जगज्जेत्या झाल्या आणि २०१२ मध्यें त्यांनीं ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविलें. युक्रेनच्या व्हासिल लोमाचेन्को यांचे वडील तर स्वतः मुष्टियुद्धाचे शिक्षक. त्यांनीं मुलाला मध्येंच कांहीं वर्षें लोकनृत्य शिकावयास धाडिलें. त्याच पायांच्या बळावर मुलानें २००८ व २०१२ अशीं दोन ऑलिंपिक सुवर्णपदकें जिंकलीं.

मुलाला या खेळाची आवड असेल तर तो अवश्य शिकवावा. दोरीवरच्या उड्या, पायांच्या हालचाली, पोत्यावर ठोसे मारण्याचा सराव, यांत कित्येक वर्षें आनंदानें जातील. समोरच्याच्या डोक्यावर ठोसे मारणें व आपल्या डोक्यावर ते घेणें मात्र मूल मोठें होऊन आपलें बरेंवाईट जाणूं लागेपर्यंत लांबणीवर टाकावें. डोक्याला मार लागून भोवळ, ओकारी, डोकेदुखी किंवा विसर पडणें असें कांहीं दिसल्यास खेळ तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे न्यावें, आणि त्यांनीं सांगितल्यावांचून पुन्हां खेळूं देऊं नये. पहिला आघात भरून येण्यापूर्वीं दुसरा बसला तर तो जिवावर बेतूं शकतो. आणि ‘आज मला जावयाचें नाहीं’ असें मूल म्हणेल त्या दिवशीं रागें न भरतां त्याला जवळ बसवून कारण विचारावें.

मुष्टियुद्धांत एक रीत आहे. आपल्या खेळाडूला मार सोसवेनासा झाला असें दिसतांच कोपऱ्यांत उभा असलेला त्याचा माणूस चौकांत टॉवेल टाकतो आणि सामना थांबतो. लहान मुलाच्या कोपऱ्यांतला हा माणूस म्हणजे त्याचे आईबाप. त्या दिवशीं तो मुलगा पंचाकडे पाहूं लागला, तेव्हां ‘पुरे, बाळ, घरीं चल’ एवढेंच त्याच्या वडिलांनीं म्हणावयास हवें होतें.